मीटर जिन्याखाली, बटण स्वयंपाकघरात: विजेचा वापर दिसू लागला की तो कमी का होतो

गॅसचा सिलिंडर बदलला की आमच्या घरी कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात ‘गॅस लावला’ असं लिहून ठेवतात. तुमच्याकडेही बहुतेक असंच असेल. त्या दोन शब्दांवर अख्ख्या घराचा हिशेब चालतो. मागचा सिलिंडर चाळीस दिवस गेला आणि हा तेहतीस दिवसांतच संपला, तर सासूबाई लगेच सांगतात की दिवाळीचा फराळ आणि नागपूरचे पाहुणे यांतच तो गेला. त्यासाठी त्यांना यंत्र लागत नाही, ॲप लागत नाही.

विजेच्या बाबतीत मात्र आमचं घर पार आंधळं होतं. महिनाभर बटणं दाबायची आणि पुढच्या महिन्यात बिल आलं की कपाळावर हात मारायचा. हे वर्षानुवर्षं चाललं होतं. गेल्या काही महिन्यांपासून राज्यात वापर आपणहून वीज कंपनीला कळवणारे नवे स्मार्ट मीटर बसत आहेत आणि ठाण्यात जिथे चार सोसायट्यांची माणसं भेटतात तिथे हाच विषय निघतो. आमच्या पाचपाखाडीच्या इमारतीच्या मीटिंगमध्येही दोन तट पडले. एक म्हणतो, ‘या मीटरने वीज वाचेल.’ दुसरा म्हणतो, ‘बिल दुप्पट होईल.’ मी शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून दोन्हीकडचे लोक माझ्याकडे बघू लागले. मला त्यांना तिथल्या तिथे नीट उत्तर देता आलं नाही. नंतर शोधून वाचलं, घरी करून पाहिलं, ते इथे मांडते आहे.

रिक्षाचा मीटर आणि घरचा मीटर

मीटरवरून चालणाऱ्या रिक्षात बसलात की आकडा डोळ्यांसमोर सरकत असतो. तीन हात नाक्याला सिग्नलवर अडकलात की जीव खालीवर होतो आणि ‘आतल्या रस्त्याने घ्या हो’ असं आपण आपसूक म्हणतो. आता कल्पना करा, त्याच रिक्षाचा मीटर झाकलेला आहे. महिनाभर तुम्ही स्टेशन, बाजार, दवाखाना असे फिरलात आणि महिनाअखेरीस रिक्षावाल्याने एकच आकडा सांगितला: तीन हजार चारशे. कोणती फेरी महाग पडली, कुठे चालत जाता आलं असतं, काही कळणार नाही. भांडाल किंवा मुकाट्याने पैसे द्याल, पण पुढच्या महिन्यात फिरायची पद्धत बदलणार नाही, कारण काय बदलायचं हेच ठाऊक नाही.

विजेचं बिल म्हणजे असं झाकलेल्या मीटरचं भाडं.

आपण जे केलं त्याचा परिणाम आपल्यालाच परत कळणं, याला अभ्यासक ‘फीडबॅक’ म्हणतात. मी पुढे त्याला नुसतं ‘खबर’ म्हणेन. खबर जितकी लगेच आणि जितकी नेमकी, तितका तिचा उपयोग जास्त. मधुमेहाच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी लॅबची तपासणी डॉक्टरांच्या कामाची असते, पण दोन वाट्या भात खाल्ल्यानंतर घरीच बोट टोचून पाहिलेला आकडा ताटातला भात कमी करतो.

आणखी एकच शब्द लागेल, ‘युनिट’. हजार वॉटचं उपकरण तासभर चाललं की एक युनिट वीज खर्च होते. पंच्याहत्तर वॉटचा जुना पंखा एक युनिट संपवायला तेरा तासांहून जास्त घेतो, तर दोन हजार वॉटचा गीझर पाणी तापवत असताना तेवढीच वीज अर्ध्या तासात संपवतो. बस, एवढ्यावर पुढचं सगळं समजतं.

‘काय जास्त खातं ते आम्हाला माहीत आहे’

हा पहिला आक्षेप, आणि माझाही हाच समज होता. २०१० साली अमेरिकेत शहजीन अत्तारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५०५ लोकांना विचारलं की कोणतं उपकरण किती वीज घेतं आणि काय केल्याने किती वाचते. लोकांचे अंदाज सरासरीने प्रत्यक्षाच्या जवळपास एक तृतीयांश निघाले, म्हणजे खरा आकडा अंदाजाच्या २.८ पट होता. चुकण्याचीही एक तऱ्हा होती. छोट्या उपकरणांचा अंदाज फारसा चुकत नव्हता, मोठ्या उपकरणांचा मात्र फारच कमी लावला जात होता. वीज वाचवण्याचा सर्वांत चांगला उपाय कोणता, यावर सगळ्यात जास्त लोकांनी सांगितलं, ‘दिवे बंद करणं.’

आपल्या घरांत दुसरं काय होतं? ‘बाथरूमचा दिवा कोणी चालू ठेवला?’ हा आवाज आपण सगळ्यांनी लहानपणापासून ऐकलेला आहे. तो दिवा साठ वॉटच्या पिवळ्या बल्बचा होता तेव्हा त्या ओरडण्यात अर्थ होता. आता तिथे नऊ वॉटचा एलईडी आहे. तो रात्रभर राहिला तरी एका युनिटचा दहावा भागही जळत नाही. त्याच बाथरूममधला गीझर सकाळी सहापासून दुपारपर्यंत चालूच असतो, पाणी थोडं निवलं की पुन्हा तापवत राहतो, आणि त्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. कारण दिवा दिसतो आणि गीझर दिसत नाही.

जिन्याखालची एक संध्याकाळ

आमची इमारत जुनी, चार मजली. सगळ्यांचे मीटर तळमजल्यावर जिन्याखाली. तिथे दिवा नाही, कोपऱ्यात कुणाची तरी जुनी सायकल आणि रंगाचे रिकामे डबे पडलेले. मे महिन्यात एका संध्याकाळी मी मोबाइलचा टॉर्च लावून तिथे उभी राहिले आणि वर सासूबाईंना फोन लावला.

इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो. त्याच्याजवळच किती लुकलुकींना एक युनिट हे छापलेलं असतं. आमच्यावर ३२०० आहे, तुमच्यावर १६०० किंवा दुसरा आकडा असेल. ३२०० असेल तर हिशेब असा: मिनिटाला साधारण त्रेपन्न वेळा दिवा लुकलुकला की समजायचं, या क्षणी घर हजार वॉट ओढतंय.

वर दोन पंखे, फ्रिज, टीव्ही आणि दोन ट्यूब चालू होत्या. मी मोजलं, मिनिटाला बावीस. म्हणजे चारशे वॉटच्या आसपास.

“अहो आई, आता एक पंखा बंद करा.”

“केला. काय झालं?”

अठरा झाले. एका पंख्यामागे चार लुकलुकी.

“आता बेडरूमचा एसी लावा.”

तीन-चार मिनिटं काही विशेष झालं नाही, मग कॉम्प्रेसर सुरू झाला आणि दिवा असा फडफडू लागला की मोजता मोजता माझी तारांबळ उडाली. शंभराच्या पुढे. एसी बंद करायला लावला आणि गीझर लावायला सांगितला, तर तेच. सासूबाई फोनवर गप्प झाल्या. मग म्हणाल्या, “अगं, म्हणजे एका गीझरमध्ये पंचवीस-सव्वीस पंखे?”

हो, तेवढेच. मी त्यांना हे दहा वेळा सांगितलं असतं तरी त्यांनी मान डोलावली असती आणि गीझर दुपारपर्यंत चालूच राहिला असता. त्या दिवशी त्यांनी स्वतः बटण दाबलं आणि तीन मजले खालून लगेच उत्तर आलं. दुसऱ्या दिवसापासून गीझर वीस मिनिटांत बंद होऊ लागला. आजही होतो.

शेवटी मी सगळं बंद करायला सांगितलं. फ्रिजही पाच मिनिटांपुरता. दिवा तरीही लुकलुकत होता, मिनिटाला एकदा. वर शोधाशोध केली तेव्हा वायफायचा डबा आणि टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स सापडला. दोघांचे मिळून वीसेक वॉट, पण चोवीस तास, तीसही दिवस, म्हणजे महिन्याला चौदा युनिट. घर झोपलेलं असतानाही जी वीज जाते ती ही. तुमच्या घरात इन्व्हर्टर, पाण्याचं मशीन, जुना कॉम्प्युटर असेल तर हा आकडा सहज जास्त निघेल.

(हे करताना मीटरला किंवा वायरींना हात लावायचा नाही, पेटी उघडायची नाही. काचेतून बघायचं, मोजायचं, एवढंच.)

खबर मिळाली की माणसं खरंच बदलतात का?

आमच्या एका घरावरून काही सिद्ध होत नाही, म्हणून मोठे प्रयोग बघू.

सत्तरच्या दशकात तेलाचे भाव भडकले तेव्हा प्रिन्स्टन विद्यापीठाच्या लोकांनी न्यू जर्सीतल्या ट्विन रिव्हर्स नावाच्या वसाहतीत बरीच वर्षं काम केलं. आपल्याकडच्या सिडकोच्या वसाहतींसारखीच एका साच्यातली घरं. बांधणी एकच, हवामान एकच, तरी एका घराचा वापर दुसऱ्याच्या दुपटीहून जास्त. घर बदललं नव्हतं, राहणारी माणसं वेगळी होती. सेलिगमन आणि डार्ली यांनी तिथल्या काही घरांना साधारण महिनाभर, आठवड्यातून चार वेळा, त्यांच्या वापराचा आकडा कळवला. बाकी काही दिलं नाही, ना बक्षीस ना उपदेश. १९७७ साली त्यांनी प्रसिद्ध केलेला निष्कर्ष असा: या घरांचा वापर शेजारच्या घरांपेक्षा सुमारे साडेदहा टक्क्यांनी कमी झाला. तिथल्याच पुढच्या एका प्रयोगात दिसलं की आकड्याबरोबर ‘वीस टक्के कमी करून दाखवा’ असं अवघड लक्ष्य दिलं तर परिणाम वाढतो, आणि दोन टक्क्यांचं सोपं लक्ष्य दिलं तर लोक फारसे हलत नाहीत.

असे अनेक देशांतले प्रयोग ऑक्सफर्डच्या सारा डार्बी यांनी २००६ साली एकत्र तपासले. घरात समोर, त्या क्षणी दिसणाऱ्या खबरेने ५ ते १५ टक्के बचत आणि नंतर बिलातून मिळणाऱ्या खबरेने शून्य ते १० टक्के, असं त्यांना आढळलं. यातल्या ‘शून्य’कडेही नीट बघा. खबर मिळूनही काहीच न होण्याचा प्रसंग असतो, आणि तो का येतो हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. त्याकडे पुढे येते.

शेजाऱ्याचा आकडा

नुसता आपला आकडा कळून एक अडचण उरते. २८० युनिट म्हणजे जास्त की कमी? मुलाला गणितात साठ मिळाले असं कळलं की आपण लगेच विचारतो, ‘वर्गात बाकीच्यांना किती?’

२००७ साली कॅलिफोर्नियातल्या सॅन मार्कोस गावात २९० घरांवर एक प्रयोग झाला. वेस्ली शुल्ट्झ, रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघरी दारावर चिठ्ठी लावली: तुमचा वापर इतका, वस्तीची सरासरी इतकी. जास्त वापरणाऱ्यांनी वापर कमी केला, ते अपेक्षितच होतं. पण आधीच कमी वापरणाऱ्यांनी तो वाढवला! ‘आपण उगाच काटकसर करतोय की काय’ असं त्यांना वाटलं असावं. मग चिठ्ठीवर एक बारीकशी गोष्ट वाढवली. कमी वापरणाऱ्यांसाठी हसरा चेहरा, जास्त वापरणाऱ्यांसाठी रडका. हसरा चेहरा मिळालेली घरं जिथे होती तिथेच टिकली. शिक्षिका म्हणून मला याचं जराही नवल वाटलं नाही. चांगल्या मुलाच्या वहीत ‘छान’ लिहायला आपण विसरतो आणि मग त्याचं अक्षर बिघडतं.

त्याच चमूने कॅलिफोर्नियातल्या लोकांना असंही विचारलं होतं की तुम्ही वीज कशासाठी वाचवता. पर्यावरण, समाजाचं भलं, पैसे अशी कारणं वर आली. ‘शेजारी वाचवतात म्हणून’ हे सर्वांत खाली. प्रत्यक्ष प्रयोगात मात्र शेजाऱ्यांबद्दलच्या चिठ्ठीचाच परिणाम सगळ्यात जास्त झाला. आपल्याला स्वतःचं मन कितपत कळतं, हा वेगळा आणि मोठा विषय आहे.

याच कल्पनेवर २००७ मध्ये सुरू झालेल्या ओपॉवर या अमेरिकी कंपनीने वीज कंपन्यांच्या वतीने लाखो घरांना शेजाऱ्यांशी तुलना करणारी पत्रं पाठवली. हंट ऑलकॉट या अर्थशास्त्रज्ञाने सहा लाख घरांचा हिशेब तपासला, तेव्हा सरासरी बचत २ टक्के निघाली. सगळ्यात जास्त वापर असलेल्या दहा टक्के घरांत ६.३ टक्के, सगळ्यात कमी वापर असलेल्यांत ०.३.

‘ते अमेरिकेतलं झालं, आपल्याकडे कुठे चालतंय’ असं म्हणणाऱ्यांसाठी अनंत सुदर्शन यांचा दिल्ली परिसरातल्या फ्लॅटधारकांवरचा अभ्यास आहे, २०१७ साली प्रसिद्ध झालेला. दर आठवड्याला शेजाऱ्यांशी तुलना करणारा कागद मिळाला तेव्हा उन्हाळ्यातला वापर ७ टक्क्यांनी घटला. काही घरांना या कागदाबरोबर पैशांचं आमिषही दिलं, आणि तिथे हा परिणाम नाहीसाच झाला. पैसे आले की बाजाराचा व्यवहार सुरू होतो आणि ‘एवढ्याशा रुपयांसाठी कोण उठून एसी बंद करतो’ असा विचार मनात येतो, असा मी त्याचा अर्थ लावते. आपल्या सोसायट्यांत कमी बिलवाल्या घराला पाचशे रुपयांचं बक्षीस ठेवायची टूम निघते, तिथे हे जरूर सांगा.

आणखी एक सांगते. तुलना सारख्यांशीच व्हावी. घोडबंदर रोडच्या तीन बेडरूमच्या फ्लॅटचा आकडा नौपाड्यातल्या वन रूम किचनशेजारी ठेवून काही साधत नाही. आणि नावानिशी यादी नोटीस बोर्डावर लावायची तर अजिबात नाही. सरासरी सांगा, नावं नकोत.

‘दोन टक्क्यांनी काय होणार?’

पन्नास घरांच्या सोसायटीत प्रत्येकाने दोन टक्के वाचवले तर एका घराची पूर्ण महिन्याची वीज वाचते. एकही उपकरण न बदलता, नुसत्या कागदावर. एवढीच घट दर वाढवून साधायची झाली तर ऑलकॉट यांच्या हिशेबाने वीज थोड्या काळासाठी ११ ते २० टक्क्यांनी महाग करावी लागेल. तुमच्या आमच्या खिशाला यातलं काय परवडेल ते उघड आहे.

शिवाय आपल्याकडे टप्प्यांचे दर आहेत. पहिल्या शंभर युनिटना एक दर, १०१ ते ३०० ला त्याहून जास्त, ३०१ ते ५०० ला आणखी जास्त, त्यापुढे सर्वांत जास्त. इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे: ३०१ वं युनिट झालं की सगळंच्या सगळं बिल वरच्या दराने लागतं. तसं नसतं. फक्त तीनशेच्या वरच्या युनिटना वरचा दर लागतो, खालची खालच्याच दराने मोजली जातात. पण याचा अर्थ असाही होतो की वाचवलेलं युनिट नेहमी तुमच्या सगळ्यात महागड्या टप्प्यातलं असतं. ३३० युनिटवाल्याने तीस वाचवले तर ते तीसही महागातले. बिलाच्या एकूण रकमेला एकूण युनिटने भागून जी सरासरी येते, तिच्यापेक्षा बचतीची किंमत जास्त असते.

मग स्मार्ट मीटर लावला की आपोआप वीज वाचेल?

नाही. मीटर मोजतो, वाचवणारा माणूस असतो.

जुना मीटर नुसती बेरीज करतो. स्मार्ट मीटर पाव किंवा अर्ध्या तासाच्या तुकड्यांत वापर नोंदवतो आणि आपणहून कळवतो. त्यामुळे तासागणिक वापर मोबाइलवर बघता येतो. वेळेनुसार वेगळा दर लावणंही त्यामुळेच जमतं, त्याला ‘टीओडी’ म्हणतात. महावितरणच्या अशा मीटरच्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैसे ते १ रुपया सवलत १ जुलै २०२५ पासून जाहीर झाली. दुपारी सौर वीज भरपूर असते, म्हणून तेव्हा वापरा, असं त्यामागचं गणित. कपड्यांचं मशीन, इस्त्री, मिक्सरची मोठी कामं दुपारी करता आली तर फायदा.

पण दर बदलल्याने काय होतं ते अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात तपासलं गेलं. कॅट्रिना जेसो आणि डेव्हिड रॅपसन यांनी २०१४ मध्ये ते मांडलं. काही तासांपुरते दर चढवले तेव्हा ज्या घरांना फक्त निरोप गेला त्यांचा वापर शून्य ते ७ टक्क्यांनी घटला. ज्या घरांत चालू वापर दाखवणारा छोटा पडदा होता त्यांचा ८ ते २२ टक्क्यांनी. दर तोच, निरोप तोच, फरक फक्त डोळ्यांसमोरच्या आकड्याचा. ब्रिटनमध्ये तर स्मार्ट मीटर बसवताना असा पडदा घरगुती ग्राहकाला फुकट देऊ करावाच लागतो. लोक तो स्वयंपाकघरात किंवा हॉलमध्ये ठेवतात.

आपल्याकडे काय होतं? ॲप असतं, आणि ते बिल ज्याच्या नावावर त्याच्या मोबाइलवर असतं. तो माणूस सकाळी ७:५२ ची लोकल पकडून रात्री परत येतो. घरातली बटणं दिवसभर कोणाच्या हातात? आजी-आजोबांच्या, कॉलेजहून आलेल्या मुलाच्या, घरी राहणाऱ्या बाईच्या, कामाला येणाऱ्या मावशींच्या. खबर एकाच्या खिशात आणि बटण दुसऱ्याच्या हातात. डार्बी यांच्या तक्त्यातलं ते ‘शून्य’ कुठून येत असेल, याबद्दल माझं उत्तर हे आहे. मीटर कितीही हुशार असला तरी त्याचा आकडा बटणापाशी उभ्या असलेल्या माणसापर्यंत पोचला नाही, तर तो जिन्याखालच्या जुन्या मीटरइतकाच मुका. म्हणून मीटिंगमध्ये मीटर हवा की नको यावर तास घालवण्यापेक्षा मला विचारावंसं वाटतं: आकडा घरात कोण वाचणार?

दोन भीती, दोन्ही ऐकून घेण्यासारख्या

‘नवा मीटर जोरात पळतो.’ जुना मीटर झिजून हळू झाला असेल तर नव्यात आकडा वाढलेला दिसू शकतो, आणि एखादा नवा मीटरही सदोष निघू शकतो. वाद घालण्यापेक्षा मोजा. घरातलं सगळं बंद करून फक्त गीझर लावा, थंड पाण्यावर, म्हणजे तो मध्येच थांबणार नाही. गीझरवर लिहिलंय दोन हजार वॉट, मीटरवर लिहिलंय ३२००, तर मिनिटाला १०५ ते १०७ लुकलुकी यायला हव्यात. व्होल्टेज कमीजास्त असेल तर थोडा फरक पडेल. दीडशे येत असतील तर लेखी अर्ज करून मीटर तपासून घ्या, तो ग्राहकाचा हक्क आहे, शुल्क भरून तपासणी मागता येते.

‘आमच्या घरात काय चाललंय ते बाहेर कळेल.’ ही भीती हसण्यावारी नेऊ नका. पाव तासाच्या नोंदींवरून घरात कुणी आहे की नाही, माणसं कधी उठतात, गावाला कधी जातात याचा अंदाज बांधता येतो. २०२३ साली आपल्याकडे व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आहे. ही माहिती कोणाकडे राहते आणि किती दिवस, हे आपण विचारलंच पाहिजे. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ॲपचे फोटो टाकू नका, हे मात्र आपल्याच हातात.

कोणी वाचवू नये

कळव्याच्या चाळीत पत्र्याखाली राहणाऱ्या, महिन्याला साठ-सत्तर युनिट वापरणाऱ्या घराला वीज वाचवा म्हणणं मला पाप वाटतं. तिथे कमी करायला काही नाहीच. मेमध्ये ठाण्याच्या दमट उकाड्यात वयस्कर माणसाने आकड्याच्या धास्तीने पंखा बंद करणं तर जिवावर बेतू शकतं. आमच्या सासूबाईंनीही पहिल्या आठवड्यात उत्साहाच्या भरात दुपारी पंखा बंद करून घामाघूम बसायला सुरुवात केली होती. मी त्यांना पुन्हा लुकलुकींचा हिशेब दाखवला: चार आणि शंभर. पंखा तुमचा शत्रू नाही, आई. चार लुकलुकींसाठी जीव जाळू नका, शंभरांकडे बघा.

एसीबद्दलही तेच. बंद करण्याआधी आकडा वाढवा. तापमान एक अंशाने वाढवलं की एसीची सुमारे सहा टक्के वीज वाचते असं ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो सांगतो, आणि १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलच्या नव्या घरगुती एसींचं तापमान सुरू होताना २४ अंशांवरच असावं असा नियम आहे. अठरावर लावून वर पांघरूण घेणारी घरं मी पाहिली आहेत. चोवीस आणि सोबत हळू पंखा, यात झोप छान लागते.

उत्साह किती दिवस टिकतो?

ऑलकॉट आणि टॉड रॉजर्स यांनी हेच शोधलं. सुरुवातीला पत्र आलं की काही दिवस वापर घसरायचा आणि पुढचं पत्र येईपर्यंत पुन्हा चढायचा. आपलं जानेवारीतल्या सकाळच्या फिरण्यासारखं. पण पत्रं दोन वर्षं येत राहिली, तेव्हा सवय मुरली. मग पत्रं थांबवली तरी बचत एकदम गेली नाही, वर्षाला १० ते २० टक्क्यांनी हळूहळू ओसरली.

काही बदल एकदाच करायचे असतात आणि ते ओसरत नाहीत. लुकलुकी मोजल्यानंतर आम्ही हॉलचा जुना पंखा काढून तीसेक वॉटचा बीएलडीसी पंखा (कमी वीज घेणाऱ्या मोटरचा) बसवला. दिवसाला पंधरा तास चालतो, महिन्याला वीस युनिटचा फरक. त्यासाठी कोणी काही लक्षात ठेवावं लागत नाही.

आणि मीटिंगमध्ये शेवटी काय ठरलं? मीटरबद्दल काहीच ठरलं नाही, पुढच्या सभेवर गेलं. पण जिन्याखालची सायकल आणि रंगाचे डबे हलवायचं ठरलं, प्रत्येक मीटरवर फ्लॅटचा नंबर ठळक लिहायचं ठरलं आणि तिथे नऊ वॉटचा एक दिवा लावायचं ठरलं. आता दर रविवारी दूध आणायला खाली उतरतात तेव्हा सासूबाई चष्मा लावून आमचा आकडा वाचतात, वर येऊन कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकोनात लिहितात आणि मागच्या रविवारचा आकडा वजा करतात. गेल्या आठवड्यात ५३ आलं. त्याखाली त्यांच्या बारीक अक्षरात लिहिलंय: ‘सुमनताई चार दिवस होत्या.’